अवधाण : एका भाकिताचा इतिहास

पायात काटा मोडावा, तो पुरता निघू नये, जखम चिडावी, आणि दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागावी. या गाठीला मराठीत 'अवधाण' असा नेमका शब्द आहे. हाताला लागले तर अवधाण काखेत येते, डोक्यात फोड उठले तर मानेला. खेड्यापाड्यांतल्या वडीलधाऱ्या बायका लंगडणाऱ्या पोराच्या जांघेला हात लावून पाहतात आणि 'पायाला कुठं लागलंय रे?' असे विचारतात. शरीराचा कोणता प्रदेश कोणत्या गाठीच्या अखत्यारीत येतो, याचा एक नकाशाच या बायकांपाशी असतो म्हणायचा. आम्ही वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना तो 'अवधान' या शब्दाचा अशुद्ध लेख वाटला. एकाने तर उठून दुरुस्तीही सुचवली.

हा शब्द आमच्या मनात पुन्हा जागा होण्याचे कारण मात्र भाषिक नव्हते. काही काळापूर्वी आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या तळपायावरचा काळा डाग काढून तपासणीला पाठवण्यात आला. कित्येक महिने तो डाग चपलेचा आहे, कुरूप आहे, जुना चटका आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तपासणीचा अहवाल आला तो घेऊन ते आमच्याकडे आले. 'जन्मभर दुसऱ्यांच्या संहिता वाचल्यात, आता एवढे एक पान वाचून द्या,' असे म्हणाले. त्या पानावर 'मेलानोमा' हा शब्द होता आणि त्याखाली 'ब्रेस्लो १.८ मिमी' अशी नोंद होती. ब्रेस्लो हे माणसाचे नाव आहे की एखाद्या क्रियेचे, हेही आम्हां दोघांना त्या दिवशी ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते ते इतकेच, की हा आजार जांघेतल्या गाठींत पोचला आहे किंवा नाही याचा अंदाज या आकड्यावरून बांधतात.

पुढचे काही महिने आम्ही या एका ओळीमागचा इतिहास वाचत राहिलो. आम्ही वैद्यकाचे अभ्यासक नाही. मराठीचे अध्यापक आहोत. त्यामुळे आम्हांला त्यात जे दिसले ते बहुधा डॉक्टरांना दिसते त्याहून वेगळे असावे. आम्हांला दिसला तो एका भाकिताचा इतिहास. त्वचेवरचा काळा कर्करोग लसीकाग्रंथींपर्यंत पोचेल का, पोचला आहे का, हे आधी कसे ओळखावे, या प्रश्नाचा गेल्या सव्वादोनशे वर्षांचा प्रवास. आणि या प्रवासात पुराव्याच्या बरोबरीने, कधी कधी पुराव्याच्या पुढे धावत, प्रतिमाही चालत आलेल्या दिसतात.

सुरुवात गाठीपासूनच होते, डागापासून नव्हे. १७८७ साली लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी एका पस्तीस वर्षांच्या माणसाच्या जबड्याच्या कोनामागची गाठ कापून काढली. ती काही भागात पांढरी व काही भागात काळी होती. तिला काय म्हणावे हे हंटरना सांगता आले नाही, पण ती त्यांनी जपून ठेवली. १९४१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सवर बॉम्ब पडले आणि हंटरच्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला, त्यातून ही गाठ वाचली. १९६८ मध्ये तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आला, तेव्हा ती दुसरीकडून पसरत आलेल्या मेलानोमाची निघाली. एकशे एक्याऐंशी वर्षे एक संहिता वाचकाची वाट पाहत बरणीत बसली होती.

आजाराला नाव मिळाले ते पॅरिसमध्ये. पुढे स्टेथोस्कोपचा जनक म्हणून प्रसिद्ध झालेल्या रने लाएनेक यांनी १८०४ मध्ये एका व्याख्यानात या काळ्या गाठींचे वर्णन केले आणि काळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून 'मेलानोज' हे नाव दिले. ते १८०६ मध्ये छापले गेले. लगेच त्यांचे गुरू द्युपुय्त्रां यांनी ही कल्पना मूळ आपलीच असल्याचा दावा केला. वाङ्मयचौर्याचे वाद फक्त आपल्याच क्षेत्रात होतात, असा आमचा समज होता तो गेला. 'मेलानोमा' हे आजचे रूप रॉबर्ट कार्स्वेल यांनी १८३८ मध्ये वापरले. त्याआधी १८२० मध्ये इंग्लंडमधील स्टावरब्रिज या गावचे साधे गावडॉक्टर विल्यम नॉरिस यांनी एका एकोणसाठ वर्षांच्या रुग्णाची हकीकत छापली होती. डाग कसा वाढला, आसपास कसे नवे ठिपके उठले, आत कुठे कुठे काळे पुंजके सापडले, रुग्णाचे वडीलही अशाच आजाराने कसे गेले होते आणि त्याच्या मुलांच्या अंगावर कसे पुष्कळ तीळ होते, हे सारे त्यात आहे. १८५७ मध्ये त्यांनी आणखी काही रुग्ण मिळवून आठांची मालिका प्रसिद्ध केली. पस्तीस-सदतीस वर्षांत आठ! पण या आठ हकिकतींतले निरीक्षण इतके चोख आहे, की नंतरच्या अनेक भारदस्त सिद्धांतांपेक्षा नॉरिस आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतात. त्यांनी पाहिले ते लिहिले. त्यावर इमारत रचण्याची घाई केली नाही.

इमारत रचली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिचा पाया एका प्रतिमेवर होता. बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो यांची पेशीविकृतीवरील व्याख्याने १८५८ मध्ये ग्रंथरूपाने आली. लसीकाग्रंथी ही गाळणी आहे, वाहत आलेला मळ ती अडवून धरते, अशी कल्पना त्यांच्या नावाने रूढ झाली. कल्पना मोठी पकड घेणारी आहे. गाळणी म्हटले की पुढचे सगळे आपोआप येते : ती भरेपर्यंत पलीकडे काही जात नाही, भरली की सांडते. मग भरण्याआधीच ती काढून टाकावी हे ओघाने आलेच. त्याच सुमारास फ्रान्समध्ये साप्पे यांनी प्रेतांच्या लसीकावाहिन्यांत पारा भरून त्यांचे सुंदर नकाशे तयार केले, ते १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. धडाच्या मधोमध एक उभी रेघ आणि बेंबीच्या पातळीवर एक आडवी. वरच्या भागाचे पाणी त्या त्या बाजूच्या काखेत, खालच्या भागाचे त्या त्या बाजूच्या जांघेत. आमच्या अवधाणवाल्या आज्जींचा नकाशाच जणू आता छापील झाला.

गाळणी आणि नकाशा हाती आल्यावर लंडनच्या कॅन्सर हॉस्पिटलातील हर्बर्ट स्नो यांनी १८९२ मध्ये सांगितले, की गाठ हाताला लागेपर्यंत थांबू नका, ती आधीच, आगाऊ काढा. हाताला न लागणाऱ्या गाठीतही आजार असू शकतो, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. प्रश्न इतकाच होता, की तो कोणाच्या गाठीत आहे आणि कोणाच्या नाही हे ओळखण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून उत्तर एकच उरले : सगळ्यांच्या काढा. भाकीत करता येत नसले की माणूस सरसकट उपाय करतो. १८९७ मध्ये पुण्यात ग्रंथिक सन्निपाताच्या साथीत गोऱ्या सोजिरांनी घरोघर माणसांच्या काखा-जांघा तपासल्या, त्यामागची वृत्तीही हीच होती. आजार वेगळा, हेतू वेगळा, पण ज्याला नेमके वाचता येत नाही तो सगळ्यांनाच संशयित धरतो.

या सरसकटपणाला शास्त्राचे अधिष्ठान दिले ते विल्यम सॅम्पसन हँडली यांनी. १९०७ मध्ये त्यांची या विषयावरील व्याख्याने 'लॅन्सेट'मध्ये आली. स्तनाच्या कर्करोगावरील कामातून त्यांनी असा सिद्धांत मांडला होता, की हा आजार लसीकावाहिन्यांतून पाण्यात तरंग पसरावेत तसा चहूबाजूंनी झिरपत जातो. तोच त्यांनी मेलानोमाला लावला. तेव्हा डागाभोवतीची रुंद कातडी, तिच्याखालची त्याहून रुंद चरबी आणि जवळच्या ग्रंथी, हे सारे काढले पाहिजे. यातून पुढे डागाभोवती पाच-पाच सेंटिमीटर कापण्याची रूढी पडली. ती साठ-सत्तर वर्षे टिकली. आता हा सिद्धांत किती रुग्णांच्या अभ्यासावर उभा होता? एका शवविच्छेदनावर. तेही आजार सर्वत्र पसरून गेलेल्या एका रुग्णाच्या.

हे वाचल्यावर आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो. एकाच पोथीवरून संहिता सिद्ध करण्याचे धोके आम्ही दरवर्षी एम. ए.च्या वर्गात शिकवतो. हँडलींच्या व्याख्यानांनंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, राजवाड्यांनी आपल्या हाती आलेल्या एका पोथीवरून ज्ञानेश्वरीची प्रत काढली आणि तिच्यावरून केवढा वाद झाला, हे मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाला माहीत आहे. पण पाठचिकित्सेतील चुकीने कोणाच्या मांडीवरची ओंजळभर कातडी जात नाही. हँडलींच्या पोथीला मात्र दुसरी पोथी लावून पाहण्याची गरज पुढच्या दोन पिढ्यांतील फारच थोड्यांना वाटली. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की त्या काळी रुग्ण उशिरा येत, डाग मोठे असत आणि शस्त्रक्रियेखेरीज हाती दुसरे काही नव्हते. एका प्रेताचे त्यांनी केलेले वाचनही अत्यंत काटेकोर होते. दोष वाचनाचा नव्हता, त्यावरून काढलेल्या व्याप्तीचा होता.

या इमारतीला पहिला धक्का बसला तो एका मोजपट्टीने.

१९६९ मध्ये अमेरिकेतील वॉलेस क्लार्क यांनी त्वचेच्या थरांवरून आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पेशी कोणत्या थरापर्यंत उतरल्या आहेत त्यावरून रुग्णाचे भवितव्य सांगायचे. पद्धत डौलदार होती, पण थर कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो याबद्दल दोन तज्ज्ञांचे दोन अभिप्राय होत. लगेच पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. अठ्ठ्याण्णव रुग्ण. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेत बसवलेली एक बारीक पट्टी. त्वचेच्या वरच्या कणमय थरापासून सर्वांत खोल गेलेल्या पेशीपर्यंत सरळ मोजायचे आणि मिलिमीटरमध्ये लिहायचे, बस्स. ज्यांची जाडी ०.७६ मिलिमीटरहून कमी होती त्यांच्यात आजार उलटलेला वा पसरलेला दिसला नाही. जाडी वाढत गेली तसा धोका वाढत गेला.

ब्रेस्लो १९८० मध्ये वारले, पण त्यांचा आकडा टिकला. क्लार्कच्या पायऱ्या कर्करोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून एकविसाव्या शतकात गळाल्या. ब्रेस्लोंची मिलिमीटरची मोजणी अजूनही त्याच्या केंद्रस्थानी आहे, आणि २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत सर्वांत पातळ गटाची सीमा ०.८ मिलिमीटर धरली आहे, म्हणजे अर्धशतकापूर्वीच्या ०.७६ च्या शेजारीच. अर्थात पातळ डाग म्हणजे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले, की मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंत चार मिलिमीटरहून जाड गाठींपेक्षा एक मिलिमीटरपर्यंतच्या पातळ डागांचा वाटा मोठा आहे. प्रत्येक पातळ डागाचा धोका थोडा, पण असे डाग असणारी माणसे फार. एकाचे भाकीत आणि समूहाचे भाकीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्हांला इथे प्रथम नीट कळले.

ब्रेस्लोंच्या लेखाला प्रतिमा नाही. 'तरंग' नाही, 'गाळणी' नाही. तो वाचायला नीरस आहे. या साऱ्या कथेतील सर्वांत टिकाऊ गोष्ट सर्वांत अलंकारहीन असावी, याची साहित्याच्या शिक्षकांना थोडी खंत वाटली तर ती समजून घ्यावी.

दुसरा धक्का मिलानहून आला. उम्बेर्तो व्हेरोनेसी यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली १९६७ पासून हातापायांवर मेलानोमा असलेल्या ५५३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एकांच्या ग्रंथी डागाबरोबरच काढल्या, दुसऱ्यांच्या गाठ हाताला लागली तरच. १९७७ मध्ये निष्कर्ष आले. जगण्यात फरक नव्हता. स्नो यांचा सल्ला पंच्याऐंशी वर्षे पाळला गेला होता आणि त्याची परीक्षा आत्ता प्रथमच झाली होती. ज्यांच्या ग्रंथी काढल्या त्यांतील बहुसंख्यांच्या ग्रंथींत काहीच नव्हते. जांघेतल्या साऱ्या ग्रंथी काढल्यावर पायाला पाणी साचते, पाय हत्तीपायासारखा जड होतो, तो पुष्कळदा जन्मभर तसाच राहतो. ही किंमत ज्यांनी मोजली त्यांतील बहुतेकांना त्या बदल्यात काही मिळणार नव्हते. तरी वाद संपला नाही. अनेक शल्यविशारदांचे म्हणणे होते, की ज्या थोड्यांच्या ग्रंथींत आजार आहे त्यांना फायदा होत असेल, बाकीच्यांच्या गर्दीत तो झाकला जात असेल. म्हणजे प्रश्न पुन्हा मूळ जागी आला. ते थोडे कोण?

याचे उत्तर शोधणारा माणूस वेस्ट व्हर्जिनियातील एका कोळसा-खाणकामगाराचा मुलगा होता. डोनाल्ड मॉर्टन. कॅलिफोर्नियात काम करताना त्यांना साप्पेंच्या छापील नकाशाची शंका आली होती. किरणोत्सर्गी द्रव्य डागाजवळ टोचून ते कुठे जाते हे पाहिले, तर पाठीवरच्या डागाचे पाणी कधी डाव्या काखेत जाई, कधी उजव्या, कधी दोन्हीकडे. पुढे सिडनीच्या वैद्यकांनी असे हजारो नकाशे काढले आणि साप्पेंच्या रेघा जिवंत माणसाच्या अंगावर पाळल्या जात नाहीत हे निर्विवाद ठरले. हातापायांबाबत आज्जींचा नकाशा बराचसा बरोबर निघाला. धडाबाबत मात्र प्रत्येकाचा नकाशा वेगळा.

मग प्रत्येकाचा नकाशा त्याच्याच अंगावर का काढू नये? मॉर्टन यांनी आधी मांजरांवर निरनिराळे रंग टोचून पाहिले, मग रुग्णांच्या डागाभोवती निळा रंग टोचला आणि तो ज्या ग्रंथीला सर्वांत आधी पोचतो ती निळी झालेली एकच ग्रंथी काढून तपासली. तिच्यात कर्कपेशी नसतील तर मागच्या ग्रंथींतही नसणार. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात २२३ रुग्णांची हकीकत आहे. विकृतीशास्त्रज्ञ ॲलिस्टर कॉक्रन त्यांचे साथीदार होते. ज्यांत ही पहिली ग्रंथी सापडली त्यांच्या उरलेल्या ग्रंथीही काढून तपासल्या होत्या. त्या ३०७९ ग्रंथींपैकी फक्त दोन अशा निघाल्या, की जिथे आजार पहिल्या ग्रंथीला टाळून पुढे गेला होता.

या पहिल्या ग्रंथीला मॉर्टन यांनी 'सेंटिनल' म्हटले. शब्द नवा नव्हता. १९६० मध्ये गूल्ड यांनी लालापिंडाच्या कर्करोगाबाबत आणि १९७७ मध्ये पराग्वेचे रामोन काबान्यास यांनी शिश्नाच्या कर्करोगाबाबत तो वापरला होता. पण त्यांची ग्रंथी ठरलेल्या जागी होती, मॉर्टन यांची ज्याची त्याला. मराठीत आपण तिला पहारेकरी ग्रंथी म्हणू. आणि इथे आम्हांला थोडे थांबायचे आहे, कारण पुढची पंचवीस वर्षे जो वाद चालला तो आमच्या मते या शब्दाच्या दोन अर्थांतील वाद आहे.

पहारेकरी दोन कामे करतो. तो शत्रूला अडवतो आणि तो आला की हाक देतो. गडाच्या दारावरचा पहारेकरी अडवणारा असतो. शेताच्या माळ्यावर बसलेला राखणदार बहुधा फक्त हाक देतो. ग्रंथी यांतली कोणती? अडवणारी असेल, तर तिच्यात अडकलेला आजार तिथेच काढून टाकला की माणूस वाचला. हाक देणारी असेल, तर तिला काढून काही वाचत नाही, फक्त बातमी कळते. फिरखोंची गाळणी 'सेंटिनल' या शब्दात लपून आत आली होती. मॉर्टन यांची स्वतःची श्रद्धा पहिल्या अर्थावर होती. पण मोठेपण असे, की ती श्रद्धा खोटी ठरू शकेल अशी चाचणी त्यांनी स्वतःच उभी केली.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या त्या चाचणीत दोन हजारांहून एक अधिक इतके रुग्ण होते. अंतिम निष्कर्ष २०१४ मध्ये आले. मॉर्टन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले. मध्यम जाडीच्या गाठींच्या गटात पहिली ग्रंथी तपासलेले आणि न तपासलेले यांच्यात दहा वर्षांनंतर मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय फरक नव्हता. भाकीत मात्र लख्ख होते. ज्यांची ग्रंथी स्वच्छ होती त्यांतील शंभरातले ८५ दहा वर्षांनंतर या आजारापासून वाचलेले होते. ज्यांच्या ग्रंथीत पेशी सापडल्या त्यांतील ६२. बातमी खरी होती.

याच निष्कर्षांत आणखी एक तुलना दिलेली होती. ग्रंथीत आजार लवकर सापडून तो काढलेले रुग्ण आणि नंतर गाठ वाढल्यावर काढलेले रुग्ण, यांत पहिले कितीतरी अधिक जगले. यावरून, पाहा, फायदा आहेच, असे म्हटले गेले. टीकाकारांनी हरकत घेतली. पहिला गट सुईने निवडलेला आहे, दुसरा काळाने. ग्रंथीतील चार पेशी कदाचित कधीच वाढल्या नसत्या, असेही काही रुग्ण पहिल्या गटात असतील. दुसऱ्या गटात असा एकही नाही. दोन गट एका नावाचे, पण एका जातीचे नव्हेत. वाङ्मयेतिहासात आपण हेच करतो : जे ग्रंथ टिकले त्यांची तुलना जे लिहिले गेले त्यांच्याशी. हरकत आम्हांला रास्त वाटते.

शेवटचा निकाल २०१७ मध्ये लागला. मॉर्टन यांनीच आखलेली दुसरी चाचणी, मार्क फरीस यांनी पूर्ण केलेली. पहिल्या ग्रंथीत आजार सापडलेल्या रुग्णांचे दोन गट. एकांच्या उरलेल्या साऱ्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यांच्या न काढता सोनोग्राफीने लक्ष ठेवले. तीन वर्षांनी दोन्ही गटांत मेलानोमापासून वाचलेल्यांचे प्रमाण तेवढेच, ८६ टक्के. अवयव सुजण्याचे प्रमाण पहिल्या गटात २४.१ टक्के, दुसऱ्यात ६.३. जर्मनीतील एका चाचणीने वर्षभर आधी हेच सूचित केले होते. पहारेकरी हाक देणारा ठरला.

सुझन सोंटॅग यांनी १९७८ मधील 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात आजारावर लादलेल्या रूपकांतून आजाऱ्याची सुटका करावी असे निकराने मांडले होते. स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या लेखिकेचे ते म्हणणे आहे, त्यावर हलक्या हाताने बोलू नये. पण तिचा रोख मुख्यतः समाजाच्या रूपकांवर होता. शल्यविशारदाच्या टेबलापाशीही रूपके उभी असतात आणि तिथे त्यांना नुसते हाकलून भागत नाही, कारण रूपकावाचून प्रश्नच सुचत नाही. 'सेंटिनल' हा शब्द नसता तर एकच ग्रंथी काढून पाहावी हे सुचले असते का, याची आम्हांला शंका आहे. फिरखोंची गाळणी आणि मॉर्टन यांचा पहारेकरी यांतला फरक आम्हांला असा दिसतो, की एका रूपकाची परीक्षा शंभर वर्षे कोणी घेतली नाही आणि दुसऱ्याची ज्याचे त्याने घेतली.

आज पहारेकऱ्याला उठवायचे की नाही हेही आधी आकडेमोड करून ठरवतात. सिडनीच्या मेलानोमा इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये एक गणनसाधन प्रसिद्ध केले. वय, जाडी, डागावर व्रण आहे का, पेशी किती वेगाने दुभंगत आहेत, मेलानोमाचा प्रकार, वाहिन्यांत पेशी दिसतात का, एवढी माहिती भरली की ग्रंथीत आजार असण्याची शक्यता टक्क्यांत मिळते. पाच टक्क्यांहून कमी असेल तर सहसा ग्रंथी काढत नाहीत. दहाहून अधिक असेल तर काढण्याचा विचार जरूर मांडतात. मधल्या पाचांत रुग्ण आणि डॉक्टर बसून बोलतात. यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. वय वाढते तशी ग्रंथीत आजार सापडण्याची शक्यता कमी होते, पण आजाराने मरण्याची वाढते. हाक कमी येते आणि धोका मात्र अधिक असतो. म्हातारपणी हाक देणाराच थकतो की आजार दुसऱ्या वाटेने, रक्तातून जातो, यावर अजून चर्चा चालू आहे.

आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की असली साधने प्रामुख्याने गोऱ्या रुग्णांच्या माहितीवर घडली आहेत. भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एकाहूनही कमी. आणि जो होतो तो पुष्कळदा उन्हाशी फारसा संबंध नसलेल्या जागी : तळपायावर, तळहातावर, नखाखाली. गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला तो याच जातीचा. ते १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेले. अशा रुग्णांची संख्या त्या माहितीत थोडी असणे स्वाभाविक आहे. टक्केवारी मात्र स्क्रीनवर तेवढ्याच ठामपणे उमटते.

इतक्यात ग्रंथीचे आणखी एक रूप पुढे आले आहे. रोगप्रतिकारशक्ती जागवणारी औषधे २०११ पासून मेलानोमात येऊ लागली आणि ग्रंथी ही त्या शक्तीची पाठशाळा आहे, पेशींना शत्रूची ओळख तिथे शिकवली जाते, हे ध्यानात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत गाठ मोठी झालेल्या रुग्णांना आधी औषध दिले आणि मग गाठ काढली, तेव्हा दोन वर्षांत आजार आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण ७२ टक्के होते. आधी शस्त्रक्रिया आणि मग तेच औषध घेतलेल्यांत ४९. गाळणी, पहारेकरी, आता शाळा. शिक्षक म्हणून ही शेवटची प्रतिमा आम्हांला आवडावी, हे साहजिक आहे. म्हणूनच तिच्याबद्दल आम्ही जरा सावध आहोत.

आमच्या सहकाऱ्यांना डॉक्टरांनी शक्यता सांगितली ती शंभरात वीसेक. 'म्हणजे मी ऐंशीतला की विसातला?' असे त्यांनी विचारले. त्याला उत्तर नव्हते, म्हणून ग्रंथी काढायचे ठरले. तळपायात निळा रंग टोचला गेला आणि जांघेत निळ्या झालेल्या दोन ग्रंथी निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची लघवी हिरवट निळी झाली, तेव्हा तेवढ्यातही ते म्हणाले, 'आम्ही जन्मभर लाल शाईने तपासले, आम्हांला निळ्या शाईने तपासले.' दहा दिवसांनी आलेल्या अहवालात दोन्ही ग्रंथींत पेशी नव्हत्या. स्वच्छ ग्रंथी असलेल्या शंभरांतलेही काही जातात हे त्यांना माहीत आहे, आम्हीच वाचून दाखवले होते. ते पुन्हा वर्गावर येतात, खुर्चीवर बसून शिकवतात. दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. सोनोग्राफी होते, पण त्याआधी डॉक्टरीणबाई त्यांच्या जांघेला हात लावून पाहतात आणि पायाला कुठे लागले-बिगले नाही ना, असे विचारतात.